आत्ता याच्या हातात काय आहे?

मिठाचं पाणी मी कॉलमच्या, म्हणजे रेझिनचे दाणे भरलेल्या काचेच्या उभ्या नळीच्या, तोंडाशी, काचेला लागून हळूच ओतलं. खाली काकांनी बीकरमध्ये थोडं पाणी आणि अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घालून ठेवले होते. खालचा छोटा नळ, स्टॉपकॉक, किंचित फिरवला. सुरुवातीचे थेंब पडले ते नुसतेच पडले, कारण दाण्यांच्या मधल्या जागेतलं धुण्याचं पाणी आधी बाहेर यायचं होतं. मग एक थेंब पडला आणि बीकरमध्ये त्याच्याभोवती गुलाबी धागा उलगडत गेला. आणखी चार थेंबांत अख्खा बीकर गडद गुलाबी झाला.

वरून ओतलं होतं ते साधं मीठ, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. खालून येत होतं ते कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईडचं पाणी. मधे होता रेझिनच्या, म्हणजे आयनांची अदलाबदल करणाऱ्या प्लॅस्टिकच्या, पिवळट दाण्यांचा वीतभर उंचीचा थर, जो जागचा हललाही नव्हता.

काका आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. त्यांना काका सोडून कोणी काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘झालं काय?’’ मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की क्लोराईड आयन रेझिनवर बसले आणि हायड्रॉक्साईड सुटले.

‘‘बरोबर. मग आत्ता याच्या हातात काय आहे?’’

‘‘क्लोराईड.’’

‘‘सगळीकडे?’’

मी कॉलमकडे पाहिलं. मीठ अजून वरच्या चार बोटांतच गेलं असणार. खालचा सगळा थर हायड्रॉक्साईडच धरून बसलेला होता, म्हणून तर खाली गुलाबी येत होतं. ‘‘वर क्लोराईड, खाली अजून हायड्रॉक्साईड,’’ मी म्हटलं. काकांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या कामाला लागले. त्यांच्या लेखी माझा धडा तिथे झाला होता. मला तो नीट कळायला मात्र पुढे दोन वर्षं आणि वाया गेलेले तीन महिने लागले.

आधी या दाण्याबद्दल. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात तो जाड प्रकार, वीस ते पन्नास मेशचा (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं), अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा असतो. ओल्या वाळूच्या जाड कणाएवढा, पण अगदी गोल. आत स्टायरीनच्या साखळ्या आणि त्यांना जागोजाग एकमेकींशी बांधणारे डायव्हिनाइलबेंझीनचे टाके. डाऊएक्स १ बाय ८ असं बाटलीवर लिहिलेलं असतं त्यातले ८ म्हणजे या टाक्यांचं शेकडा प्रमाण. टाके कमी असले की दाणा जास्त फुगतो, मऊ पडतो, पण मोठ्या आकाराच्या आयनांना आत शिरू देतो. या जाळ्यावर क्लोरोमिथाइल गट बसवून मग ट्रायमिथाइलअमीनची क्रिया घडवली की नायट्रोजनवर चार कार्बनांच्या जोडण्या होतात आणि त्याच्यावर कायमचा धनभार येतो; हाच चतुर्थक अमोनियम गट. हा कायमपणाच सगळ्याच्या मुळाशी आहे. साध्या अमीनवाल्या, सौम्य अल्कधर्मी रेझिनचा भार माध्यमाच्या पीएचवर अवलंबून असतो. द्रावण अल्कली झालं की त्याचा हात सुटतो. चतुर्थक अमोनियमचा भार आम्लात, पाण्यात, कॉस्टिकमध्ये, कुठेही तसाच राहतो. म्हणूनच हे रेझिन मीठ फोडू शकतं, म्हणजे त्यातला क्लोराईड ठेवून घेऊन खाली कॉस्टिक सोडू शकतं, आणि म्हणूनच ते एक क्षणसुद्धा रिकामं राहू शकत नाही. त्या धनभाराशेजारी कोणता तरी ऋणायन असतोच. रिकामं रेझिन अशी वस्तू नसते.

आयनांच्या या देवाणघेवाणीची पहिली नीट मांडणी मातीवर झाली. टॉम्सन आणि वे या दोघांनी १८५० मध्ये दाखवलं की अमोनियम सल्फेटचं द्रावण मातीतून झिरपवलं तर खाली कॅल्शियम सल्फेट येतं. माती जेवढा अमोनिया ठेवून घेते, तेवढ्याच तोलाचा चुना सोडते. अॅडम्स आणि होम्स यांनी १९३५ मध्ये कृत्रिम रेझिनं केली, पण त्या पहिल्या पिढीतली ऋणायन-विनिमय रेझिनं सौम्यच होती. ती आम्ल शोषत, मीठ फोडत नसत. चतुर्थक अमोनियमची रेझिनं १९४०च्या दशकाच्या अखेरीस आली. तेव्हा कुठे पाण्यातली सिलिका आणि कार्बन डायऑक्साईड यांसारखी अगदी दुबळी आम्लंही काढता यायला लागली. आज आपण डीआय, म्हणजे आयन काढून टाकलेल्या, पाण्याचा नळ सोडतो आणि पुढे जातो, त्यामागे ही गोष्ट आहे.

आता माझी चूक.

मला काही चतुर्थक अमोनियम क्षार हवे होते, ज्यांचा ऋणायन एखाद्या अमिनो आम्लाचा असेल आणि जे खोलीच्या तापमानाला द्रव राहतील. वाट सरळ होती. ब्रोमाईड क्षार पाण्यात विरघळवायचा, हायड्रॉक्साईड फॉर्ममधल्या, म्हणजे हातात हायड्रॉक्साईड असलेल्या, रेझिनच्या कॉलममधून सोडायचा. ब्रोमाईड वर अडकतो, खाली त्याच धनायनाचं हायड्रॉक्साईड येतं. त्यात मोजून अमिनो आम्ल घालायचं, पाणी उडवायचं, सुकवायचं. कागदावर चार ओळींचं काम.

रेझिन कपाटात होतं. बाटलीवर मार्करनं ‘ओएच फॉर्म’ लिहिलेलं. मी ते घेतलं, कॉलम भरला, खाली येणाऱ्या द्रावणाला पीएच पेपर लावला. पेपर गडद निळा. मी समाधानानं पुढे गेले.

पहिल्या बॅचची श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, मोजली, ठीक वाटली. दुसऱ्या बॅचची त्याहून बरीच जास्त आली. तिसरी दोन्हींच्या मधे कुठेतरी. मी व्हिस्कोमीटरवर संशय घेतला, तो पुन्हा कॅलिब्रेट केला. मग पाण्यावर संशय घेतला, कारण अशा द्रवांत पाण्याचा थोडासा अंश राहिला तरी श्यानता झपाट्यानं उतरते. पाण्याचा अंश मोजणारी कार्ल फिशर चाचणी लावून पाहिली, पाणी तिन्हीत जवळपास सारखंच. मग अमिनो आम्ल नवं मागवलं. मग सुकवण्याचा वेळ वाढवला. प्रत्येक वेळी एक नवी बॅच, एक नवा आकडा. माझ्या वहीत त्या काळातली पानं पाहिली तर अक्षरसुद्धा बदललेलं दिसतं; सुरुवातीचं ठाशीव आणि शेवटचं घाईघाईतलं, खोडाखोडीचं.

काका एकदा मागे येऊन उभे राहिले. वही पाहिली नाही, मोजमाप पाहिलं नाही. कॉलमकडे बोट केलं आणि तोच प्रश्न विचारला. ‘‘आत्ता याच्या हातात काय आहे?’’

मी म्हटलं, ‘‘हायड्रॉक्साईड. बाटलीवर लिहिलंय.’’

‘‘बाटलीवर लिहिलंय,’’ ते एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मी कॉलममधून नुकतंच आलेलं द्रावण परीक्षानळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. तपकिरी गाळ. तो तर यायलाच हवा, अल्कलीत सिल्व्हर ऑक्साईड पडतं. त्या तपकिरी गाळावर विसंबून क्लोराईड आहे की नाही ते ठरवता येत नाही, आधी आम्ल घालावं लागतं. सौम्य नायट्रिक आम्ल थेंबाथेंबानं घातलं. तपकिरी रंग विरघळत गेला, आणि त्याच वेळी नळीच्या कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ वर चढली. मी नळी हलवायची थांबले. हायड्रॉक्साईडला आम्ल घातलं तर ऊन होतं, बुडबुडे येत नाहीत. हे कार्बोनेट होतं. आणि आम्ल पुरेसं झाल्यावर, द्रावण निवळायला हवं होतं तिथे, नळीत पांढरा, फुटक्या गोळ्यांचा गाळ तसाच राहिला होता.

तरी एक शंका होतीच. माझा मूळ क्षार ब्रोमाईड होता, कदाचित कॉलम भरून गेला असेल आणि ब्रोमाईडच खाली निसटत असेल. गाळ वेगळा केला, धुतला, त्यावर सौम्य अमोनिया घातला. गाळ लगेच विरघळला. सिल्व्हर ब्रोमाईड इतक्या सहज विरघळत नाही. म्हणजे हे क्लोराईड होतं, जे माझ्या प्रयोगात मी कुठेच घातलेलं नव्हतं. (जाता जाता महत्त्वाचं: चांदी आणि अमोनियाचं असं द्रावण ठेवून द्यायचं नसतं. काम झालं की लगेच आम्ल घालून मोडायचं. ठेवलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतात.)

एकदा हे दिसल्यावर सगळं उलगडलं. ते रेझिन कारखान्यातून बाहेर पडताना क्लोराईड फॉर्ममध्ये होतं, आणि कधीतरी कोणीतरी ते अर्धवट हायड्रॉक्साईडमध्ये आणलं होतं. नंतर ती बाटली वारंवार उघडली गेली, आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड त्यानं मुकाट्यानं ओढून घेतला. मी ब्रोमाईड घातल्यावर तो ज्याच्या जागी बसला त्याला त्यानं खाली ढकललं: कुठे हायड्रॉक्साईड, कुठे कार्बोनेट, कुठे क्लोराईड. पीएच पेपर निळा होणारच, कारण तो फक्त अल्कली आहे एवढंच सांगतो, सोबत कोण आलंय ते सांगत नाही. अशा द्रवांची श्यानता क्लोराईडनं वाढते. प्रत्येक बॅचमध्ये क्लोराईड वेगळं, म्हणून प्रत्येक बॅचचा आकडा वेगळा. व्हिस्कोमीटर तीन महिने खरं बोलत होता.

त्या बाटलीवर ‘ओएच फॉर्म’ कोणी लिहिलं ते मी शोधलं नाही. लिहिणाऱ्यानं त्या दिवशी खरंच लिहिलं असेल. पण रेझिनच्या बाटलीवरचं नाव पाटीवरच्या नावासारखं नसतं, ते त्या क्षणापुरतं असतं.

मग मी हायड्रॉक्साईड फॉर्म करायला मुळापासून शिकले. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

अडचण अशी की या रेझिनला हायड्रॉक्साईड आवडत नाही. पहिल्या प्रकारच्या रेझिनवर, म्हणजे ट्रायमिथाइलअमीनवाल्यावर, हायड्रॉक्साईडची पकड १ धरली तर क्लोराईडची सुमारे २२, ब्रोमाईडची ५०, नायट्रेटची ६५ आणि आयोडाईडची १७५ च्या आसपास. कारण पाण्यात आहे. हायड्रॉक्साईड पाण्याच्या रेणूंशी इतका घट्ट बांधलेला असतो की त्याला दाण्यातल्या तेलकट जाळ्यात शिरणं म्हणजे स्वतःच्या घरातून उठून जाणं. आयोडाईड मोठा, पसरट भाराचा. पाण्याला त्याचं फारसं अप्रूप नाही, म्हणून तो दाण्यात निवांत बसतो. पर्क्लोरेटचंही तसंच, तो एकदा बसला की काढायला जीव घेतो.

म्हणजे क्लोराईड उठवून हायड्रॉक्साईड बसवायचा तर संख्येच्या जोरावरच बसवावा लागतो. रेझिनच्या थराचं जेवढं आकारमान, त्याला आम्ही बेड व्हॉल्यूम म्हणतो, त्याच्या निदान वीसपट एक मोलार कॉस्टिक सोडावं लागतं. ओल्या रेझिनच्या एका लिटरची क्षमता जेमतेम सव्वा ते दीड तुल्यांक (एका भाराच्या आयनांचे तेवढे मोल) असते, आणि त्यासाठी वीस तुल्यांक कॉस्टिक. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मला तो चुकला असं वाटलं होतं. यावर एक चांगली वाट आहे: आधी सोडियम ॲसिटेट सोडायचं, खाली क्लोराईड यायचं थांबेपर्यंत, आणि मगच कॉस्टिक. ॲसिटेटची पकड हायड्रॉक्साईडपेक्षा थोडीच जास्त असते, त्यामुळे दुसरी पायरी सोपी जाते. दुसऱ्या प्रकारचं रेझिनही आहे, ज्याच्या नायट्रोजनवर एक हायड्रॉक्सिएथाइल गट असतो. त्यावर क्लोराईडची पकड हायड्रॉक्साईडच्या दोन-सव्वादोनपटच असते, त्यामुळे ते थोड्या कॉस्टिकमध्ये तयार होतं. पण ते नाजूक. हायड्रॉक्साईड फॉर्ममध्ये चाळीस अंशांवर नेऊ नये. पहिला प्रकार साठपर्यंत तग धरतो.

घाई करून चालत नाही. तासाला तीन-चार बेड व्हॉल्यूमपेक्षा वेगानं सोडलं तर कॉस्टिक दाण्यांच्या बाजूनं निघून जातं, आतपर्यंत पोचत नाही. आयनाला दाण्याच्या गाभ्यापर्यंत चालत जायचं असतं आणि तो त्याच्या गतीनंच जातो. आणि कॉस्टिकच कार्बोनेटयुक्त असेल तर सगळी मेहनत वाया, कारण रेझिन त्यातला कार्बोनेट वेचून घेतं. जुने विश्लेषक यासाठी पन्नास टक्के कॉस्टिक करून बाटली काही दिवस न हलवता ठेवत. इतक्या दाट कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, ते तळाशी बसतं. वरचं निवळ पिपेटनं अलगद काढून, उकळून थंड केलेल्या पाण्यात पातळ करायचं. ही पद्धत मी अजूनही वापरते. ती थंडगार, तेलासारखी जड, निवळ कॉस्टिकची बाटली आणि तिच्या बुडाशी बसलेला पांढरा थर पाहिला की मला बरं वाटतं.

मग धुणं. तेही उकळून गार केलेल्या पाण्यानं, वर हवेतला कार्बन डायऑक्साईड अडवणाऱ्या सोडा लाइमची नळी लावून. खालचं पाणी फिनॉल्फ्थॅलिनला गुलाबी करेनासं झालं की शेवटची तपासणी: कॉलममधून दोन मिलिलिटर रेझिन काढायचं, सोडियम नायट्रेटनं त्याचे हात मोकळे करायचे, आलेल्या द्रावणात नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट. आम्ल घालताना बुडबुडे नकोत. नंतर धुकंही नको. नळी काळ्या कागदासमोर धरायची. उजेडाकडे धरून पाहिलं तर फसायला होतं, हेही काकांनीच सांगितलेलं.

हायड्रॉक्साईड फॉर्मची बाटली उघडली की माशासारखा वास येतो. नवख्यांना वाटतं रेझिन सडलं. तो ट्रायमिथाइलअमीनचा वास. हायड्रॉक्साईड जिथे बसलेला असतो त्याच धनभाराच्या शेजारच्या कार्बनवर तो सावकाश हल्ला करत असतो. कधी पूर्ण ट्रायमिथाइलअमीन गळून पडतं आणि ती जागा कायमची मरते. कधी नुसता एक मिथाइल गट मिथेनॉल होऊन जातो आणि मागे सौम्य अमीन उरतं, जे आम्ल धरेल पण मीठ फोडणार नाही. वास थोडा असेल तर तो नेहमीचाच. जोराचा असेल तर रेझिन कुठेतरी उष्णतेत राहून आलंय. नाकाचा कौल लागला की मी काकांचा पहिला प्रयोग करते, पण मोजून: हायड्रॉक्साईड फॉर्मचं ठराविक रेझिन, वरून मिठाचं जास्तीचं पाणी, खाली येणारं कॉस्टिक आम्लाशी टायट्रेट. जेवढं कॉस्टिक, तेवढेच जिवंत चतुर्थक गट. आमच्या त्या जुन्या बाटलीतलं रेझिन मी असं मोजलं तेव्हा त्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली होती.

साखरेवर काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. आम्लानं साखळी तोडून झाल्यावर आम्ल काढून टाकायला तिनं हेच रेझिन, हायड्रॉक्साईड फॉर्ममध्येच वापरलं, आणि तिच्या ग्लुकोजमध्ये फ्रुक्टोज आणि थोडा मॅनोज निघाला. ही चूक तिची एकटीची नाही. अल्कलीत या शर्करा एकमेकींत बदलतात, हे लोब्री द ब्रुइन आणि आल्बेर्डा फान एकनस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलेलं आहे, आणि दाण्याच्या आत अल्कली फार तीव्र असते. तिनं तेच रेझिन बायकार्बोनेट फॉर्ममध्ये नेलं आणि प्रश्न मिटला. रेझिन तेच, कॉलम तोच. फक्त हातात दुसरं काही.

आता रंगांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

ऋणायन धरणाऱ्या रेझिनवर धातू अडकेल का? माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न विचारते तेव्हा बहुतेक जण नाही म्हणतात, कारण धातूचा आयन धनभारित. मग मी धूरकपाटात कॉलम उभा करते, त्यात क्लोराईड फॉर्ममधलं बारीक रेझिन, आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात निकेल, कोबाल्ट आणि लोह यांचं मिश्रण. तीव्र आम्लात कोबाल्टभोवती आणि लोहाभोवती इतके क्लोराईड जमतात की त्यांचा एकंदर भार ऋण होतो. निकेलला ते जमत नाही. मिश्रण वर ओतलं की निकेल न थांबता खाली येतं, हिरवट-पिवळं. कॉलममध्ये वर पिवळसर तपकिरी लोह, आणि त्याच्या खाली निळ्या-हिरव्या रंगाचा कोबाल्टचा पट्टा. मग आम्ल पातळ करत न्यायचं. चार मोलारचं आम्ल सोडलं की निळा पट्टा खाली सरकायला लागतो. तो शेवटच्या बोटभर अंतरावर आला की मुलं कपाटाच्या काचेला नाक लावतात. पट्टा निळा, आणि नळीच्या टोकाशी पडणारा थेंब गुलाबी. दाण्यावर असताना कोबाल्टभोवती क्लोराईड, बाहेर पडताच भोवती पाणी, एवढाच तो फरक. पण तो डोळ्यांसमोर, एका थेंबाच्या अंतरात घडतो. नंतर अर्ध्या मोलारच्या आम्लानं लोह उतरतं.

क्राउस आणि मूर या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत हे सहा धातूंवर केलं आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं: १२ मोलारला निकेल, ६ ला मँगनीज, ४ ला कोबाल्ट, २.५ ला तांबं, ०.५ ला लोह, आणि ०.००५ मोलारला, म्हणजे जवळजवळ पाण्यात, जस्त. उतरत्या जिन्यासारखे हे आकडे मला तोंडपाठ आहेत आणि ते म्हणून दाखवायला मला आवडतं. त्याच प्रयोगशाळेत वाल्डो कोहननं अणुविखंडनातल्या पदार्थांसाठी वापरली जाणारी आयन-विनिमयाची ही रीत न्यूक्लिओटाईडांकडे, म्हणजे न्यूक्लिक आम्लांच्या घटकांकडे, वळवली आणि १९४९-५० च्या सुमारास, ज्याला सगळे एकच पदार्थ समजत होते, त्याची दोन समघटक रूपं कॉलमवर वेगळी करून दाखवली.

एका बाबतीत मी विद्यार्थ्यांशी कडक वागते. तीव्र नायट्रिक आम्ल आणि हे रेझिन एकत्र आणायचं नाही. दाणा म्हणजे शेवटी प्लॅस्टिक, जळणारा पदार्थ, आणि त्याच्या अंगाअंगात आपण ऑक्सिडीकारक भरतो. ऊब मिळाली, कॉलम कोरडा पडला, वायूला बाहेर जायला वाट नसली, तर स्फोट होतो. असे अपघात झालेले आहेत. प्लुटोनियमच्या शुद्धीकरणात सात-आठ मोलार नायट्रिक आम्लात हेच रेझिन वापरतात, पण तिथे तापमान, वेग आणि ओलावा यांवर क्षणोक्षणी पहारा असतो. आपल्या टेबलावर तो नसतो. परीक्षानळीतले दोन थेंब सौम्य आम्ल वेगळे, कॉलममध्ये ओतलेलं तीव्र आम्ल वेगळं.

कोरडं पडणं तसंही वाईटच. दाणे सुकले की आकसतात, आणि सुक्या दाण्यांवर एकदम पाणी ओतलं तर इतक्या वेगानं फुगतात की तडकतात. माझ्या सुरुवातीच्या काळात मी सुकं रेझिन कॉलममध्ये गच्च भरून वर पाणी ओतून घरी गेले. सकाळी काचेला उभी चीर गेलेली होती आणि दाणे जमिनीवर पसरलेले. काका दारातच आडवे उभे होते. ‘‘आत पाय टाकू नका, घसराल.’’ ओल्या फरशीवर हे दाणे बेअरिंगच्या गोळ्यांसारखे काम करतात. त्यांनी ते ओल्या फडक्यानं, गुडघ्यावर बसून, कडेकडेनं गोळा केले, आणि मला शेजारी बसवून उरलेले वेचायला लावले. रागावले नाहीत. एवढंच सांगितलं, की सुकं रेझिन आधी मिठाच्या दाट पाण्यात भिजवायचं, मग हळूहळू पातळ करत आणायचं, आणि बीकरमध्ये फुगून झाल्यावरच कॉलममध्ये घालायचं. क्लोराईडचं हायड्रॉक्साईड होतानाही थर विसेक टक्क्यांनी वाढतो, त्याची जागा वर सोडायची.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. काम संपल्यावर कॉलम निजवायची त्यांची रीत आमच्याकडे अजून चालते. हायड्रॉक्साईडमध्ये ठेवलं तर रेझिन स्वतःला खात बसतं, म्हणून परत क्लोराईडमध्ये आणायचं. परवा एका विद्यार्थिनीबरोबर तेच करत होते. आधी तिचा ब्रोमाईड मिठाच्या भरपूर पाण्यानं उतरवला. त्याची पकड क्लोराईडच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे वेळ लागला. मधूनमधून खालच्या थेंबात क्लोरीनचं पाणी घालून पिवळसर छटा येते का पाहत होतो. तळाच्या भागात थोडं हायड्रॉक्साईड राहिलेलं होतं, म्हणून सुरुवातीला खाली ठेवलेला फिनॉल्फ्थॅलिनचा बीकर गडद गुलाबी झाला. दुसरा ठेवला, तो फिका. तिसरा तसाच राहिला. हायड्रॉक्साईड बसवायला वीसपट कॉस्टिक लागतं, उठवायला दोन-तीनपट मिठाचं पाणी पुरतं.

मग पाण्यानं धुतलं, थराच्या वर दोन बोटं पाणी ठेवलं आणि स्टॉपकॉक बंद केला. ती लेबल लिहायला बसली. ‘क्लोराईड फॉर्म’ लिहिलं, तारीख लिहिली, पेन ठेवला. कॉलमकडे बघत राहिली. मग पेन पुन्हा उचलून खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘याआधी ब्रोमाईड. शेवटच्या थेंबात ब्रोमाईड दिसला नाही. वरच्या अर्ध्या बोटात तपकिरी झाक आहे, ती धुऊन गेली नाही.’